परक्या मुलखात बाराखडी : कोरियन भाषेची तोंडओळख

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे, भाषेचा प्राध्यापक नाही. बी. ए. ला मराठी आणि इतिहास हे विषय होते, एवढीच माझी शिदोरी. माझ्या पत्नीला संशोधनासाठी दक्षिण कोरियातील तेजॉन या शहरात दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा मी बिनपगारी रजा घेऊन अकरा महिने तिच्यासोबत राहिलो. ती सकाळी प्रयोगशाळेत जाई. भाजी आणणे, घरमालकाशी बोलणे, कचरा कोणत्या पिशवीत टाकायचा हे विचारणे, ही सारी कामे माझ्याकडे. बाहेर इंग्रजीचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा पाटीवर बसलो. आपल्यापैकी दोन-तीन मुलांनी कोरियाला शिकायला जाण्याचा विचार माझ्याजवळ बोलून दाखवला आहे, आणि अध्यक्षांनीही आग्रह केला, म्हणून आज उभा आहे.

प्रथम लिपीविषयी सांगतो, कारण तिथेच माणूस घाबरतो. दुकानांच्या पाट्यांवर नुसते चौकोन, वर्तुळे आणि काड्या दिसतात. ती चिनी चित्रलिपी असावी असे वाटते. तसे मुळीच नाही. ती आपल्या देवनागरीसारखी उच्चाराप्रमाणे लिहायची लिपी आहे, तिचे नाव हांगुल. चौदा व्यंजने आणि दहा स्वर अशी चोवीस मूळ अक्षरे. बाकीची सगळी याच अक्षरांच्या जोडण्यांतून होतात.

या लिपीचा जन्म कधी झाला, कोणी केला आणि कशासाठी केला, हे सगळे ठाऊक आहे. जगात असे भाग्य फार थोड्या लिपींना लाभले. चोसॉन घराण्याचा राजा सेजोंग याने ती 1443 साली सिद्ध केली आणि 1446 साली जाहीर केली. तेव्हा अक्षरे अठ्ठावीस होती, पुढे चार मागे पडली. त्याआधी कोरियात लिहायचे म्हणजे चिनी अक्षरांत लिहायचे. हजारो अक्षरे पाठ करायची, आणि तीही परक्या भाषेची. ज्याच्या घरी शेत, गडी आणि रिकामा वेळ आहे त्यालाच हे परवडणार. शेतकऱ्याला, कारागिराला, बाईमाणसाला आपली फिर्याद स्वतःच्या हाताने लिहिता येत नव्हती. राजाने लिपी जाहीर करताना नेमके हेच कारण दिले, की साध्या माणसाच्या मनात काही असले तरी ते मांडायला त्याच्यापाशी साधन नाही.

आणि लगेच विरोध सुरू झाला. दरबारातील विद्वान छ्वे माल्ली आणि त्याच्या सोबत्यांनी 1444 साली राजाला अर्ज केला, की चिनी अक्षरे सोडून आपली वेगळी लिपी करणे हे रानटी लोकांचे लक्षण आहे. ज्ञानाची किल्ली चार जणांच्या कमरेला असली की ती सोडवताना किती आरडाओरडा होतो, हे या सभागृहात मी कोणाला सांगायला नको. पुढे 1504 साली योनसान नावाच्या राजाने या लिपीवर बंदीच घातली, कारण लोकांनी त्याच्या जुलुमाविरुद्ध याच लिपीत पत्रके लिहून लावली. सामान्य माणूस लिहायला लागला की पहिल्यांदा काय लिहितो ते पाहा! सरकारी कागदपत्रांत या लिपीला मान मिळायला 1894 साल उजाडावे लागले. मग जपानी राजवटीत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींना 1942 साली अटक झाली, त्यांतले दोघे तुरुंगातच मरण पावले. कोशाचे हरवलेले हस्तलिखित 1945 साली सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले.

आता अक्षरे कशी बनवली ते ऐका. 'न' म्हणताना आपल्या जिभेचे टोक वर उचलले जाते, म्हणून 'न'चे चिन्ह म्हणजे उभी खाली येऊन उजवीकडे वळलेली रेघ. 'क-ग'साठी जिभेचे मूळ उचलले जाते, म्हणून तीच रेघ उलटी, वरून आडवी येऊन खाली उतरलेली. 'म'साठी ओठ मिटतात, तिथे चौकोन, म्हणजे तोंड. 'स'साठी दात आणि कंठासाठी वर्तुळ. स्वर करताना तीन खुणा घेतल्या : आकाशाचा ठिपका, जमिनीची आडवी रेघ आणि उभ्या माणसाची उभी रेघ. हे सगळे स्पष्ट करणारा मूळ ग्रंथ 1940 साली हाती आला. तोवर लोक नाना तर्क लढवीत होते, कोणी म्हणे खिडकीच्या जाळीवरून अक्षरे घेतली, कोणी म्हणे भारतीय लिपीवरून.

भारतीय लिपीवरून घेतली असे म्हणता येत नाही, पण एक धागा मात्र खरा आहे. व्यंजनांचे कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाडण्याची आपली रीत बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेली, तिथल्या उच्चारशास्त्रात मुरली आणि तेथून सेजोंगच्या हाती आली. त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ही लिपी चटकन समजते. 'क'च्या चिन्हात एक रेघ वाढवली की 'ख' होतो. 'त'चा 'थ' आणि 'च'चा 'छ' करायचीही तीच युक्ती. अल्पप्राणाला एक रेघ दिली की महाप्राण! आपल्याकडे क आणि ख यांच्या आकारांत असे काहीच नाते नाही. इथे मात्र मला कोरियन लिपी आपल्यापेक्षा शहाणी वाटली, हे कबूल करतो.

अक्षरे एकापुढे एक न लिहिता एका उच्चाराचा एक चौकोन करतात, आपल्या जोडाक्षरासारखा. 'हान' लिहायचे तर वर 'ह' आणि 'आ', खाली 'न'. या खालच्या व्यंजनाला 'बात्छिम' म्हणतात, म्हणजे खालून दिलेला आधार. आपण 'न'चा पाय मोडतो, ते त्याला तळाशी बसवतात. आठ दिवस रोज तासभर दिला तर पाट्या वाचता येतात. अर्थ नाही कळणार, पण वाचता येतील. तेवढ्यानेसुद्धा माणसाला मुलखात पाय रोवल्यासारखे वाटते.

अवघड भाग उच्चाराचा आहे. त्यांच्याकडे 'क' तीन प्रकारचा : एक साधा, एक महाप्राण आणि एक आवळलेला. गंमत अशी की आपला मराठी 'क' त्यांच्या कानाला आवळलेला वाटतो. त्यांचा साधा 'क' शब्दाच्या सुरुवातीला 'क' आणि ख यांच्या मधला ऐकू येतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की 'ग' होतो. दोन स्वरही आपल्याकडे नाहीत. एक 'ऑ' आणि 'अ' यांच्या मधला, दुसरा ओठ न आवळता काढलेला 'उ'. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो, कोरियन शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची सवय आठवड्याच्या वर ठेवू नका. मी आज देवनागरीत लिहितो आहे तो छपाईचा नाइलाज आहे.

संधी मात्र आपल्या ओळखीचे निघाले. 'आभारी आहे'ला 'कामसाहाम्निदा' म्हणतात. लिहिताना तिथे 'हाप-निदा' असे असते. पुढे 'न' आला म्हणून 'प'चा 'म' झाला. शंभरला 'पेक' आणि दहा हजाराला 'मान', पण दहा लाखांना 'पेक-मान' न म्हणता 'पेंग्मान' म्हणतात. वाक् अधिक मय, वाङ्मय. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. शाळेत बाईंनी छडी दाखवून पाठ करून घेतलेला नियम तेजॉनच्या बाजारात उपयोगी पडेल असे कोणाला वाटले होते? वर्गातली व्हिएतनामी आणि उझबेक मंडळी या नियमापाशी अडखळत होती, मला तो पहिल्या दिवशीच कळला.

वाक्यरचनाही आपलीच. 'मी बँकेत जातो' याला 'जॉनुन उन्हेंगे गायो' म्हणतात. 'जॉनुन' म्हणजे मी, 'उन्हेंग' म्हणजे बँक, 'ए' हा प्रत्यय आपल्या 'त'चे काम करतो, आणि 'गायो' हे क्रियापद शेवटी. इंग्रजी शिकताना डोके उलटे करावे लागते, तसे इथे करावे लागत नाही. शिवाय लिंग नाही, जातो आणि जाते दोन्ही 'गायो'च. बँकेला 'उन्हेंग' म्हणतात त्यात 'उन' म्हणजे चांदी. रस्त्याकडेला पिवळ्या पानांची एक जातीची झाडे असतात, त्यांचे नावही 'उन्हेंग'. शरद ऋतूत माझ्या व्यवसायाचे नाव रस्ताभर पिवळे होऊन पडलेले असे.

घरच्या शब्दांत तर आणखी जवळीक आहे. ते 'माझी आई' म्हणत नाहीत, 'उरी ऑम्मा' म्हणतात, म्हणजे आमची आई. आपणही घराला, गावाला, आईला 'आमची'च म्हणतो. वडिलांना 'आप्पा' म्हणतात. अशा साम्यावरून काही लोक कोरियन ही भारतातून गेलेली भाषा आहे असे ठोकून देतात. भाषाशास्त्रज्ञ ते मानत नाहीत, आपणही मानू नये. साम्य आवडले तर आनंद घ्यावा, वंशावळ लिहायला बसू नये.

आता मी जरा अधिक वेळ घेणार आहे, कारण पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोरियन भाषेत मान देण्याच्या पायऱ्या आहेत. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. त्यांच्याकडे सर्वनाम टाळतात आणि क्रियापदाचे शेपूट बदलते. बरोबरीच्या मित्राला किंवा लहानाला नुसते 'गा', अनोळखी माणसाला 'गायो', सभेत किंवा कचेरीत 'गाम्निदा'. ज्याच्याविषयी बोलायचे तो मोठा असेल तर 'गासेयो'. जेवणे, झोपणे यांना थोरांसाठी वेगळीच क्रियापदे. म्हणून ओळख होताच ते वय विचारतात, त्यात राग मानू नये. वयावरून पायरी ठरते. शिक्षकाला 'सॉन्सेंगनिम' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ आपल्याआधी जन्मलेला.

पण पायरी नेहमी वयावरूनच ठरत होती का? नाही. चोसॉनच्या काळात 'पेकजॉंग' नावाचा समाज होता. जनावरे कापणे, कातडी कमावणे, बुरुडकाम ही त्यांची कामे. त्यांची वस्ती वेगळी, आणि वरच्या वर्गातले पोरही त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला अरे-तुरे करी. ऐकताना आपला गाव आठवतो की नाही? माझ्या आजोबांना गावातली शेंबडी पोरे एकेरीत हाक मारीत, ते मी माझ्या वडिलांकडून ऐकले आहे. 1894 च्या सुधारणांत कायद्याने हा भेद संपवला, पण लोकांच्या तोंडून गेला नाही. तेव्हा 1923 साली जिन्जू या शहरात 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. त्या नावात तराजूची समता आहे. ज्यांचे पोट तराजूवर मांस तोलून भरत होते त्यांनी तोच तराजू समतेचे चिन्ह म्हणून उचलला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाआधी अवघी चार वर्षे. कोरियात जाणाऱ्या आपल्या मुलांनी राजवाडे जरूर पाहावेत, पण जिन्जूलाही जाऊन यावे.

हे मी इतिहासाच्या हौसेने सांगत नाही. आमच्या रविवारच्या वर्गात दोन नेपाळी कामगार होते, एका कारखान्यात काम करणारे. त्यातला एक वयाने माझ्याएवढा. त्याने एकदा बाईंना विचारले, की माझा मुकादम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे, तो माझ्याशी 'यो' लावून का बोलत नाही? बाई गप्प राहिल्या. मग त्यांनी फळ्यावर दोन्ही रूपे लिहिली आणि सांगितले, की तो चुकतो आहे, तुम्ही चुकत नाही. पुढे त्यांनी त्याला एक वाक्य शिकवले, 'मला आदराच्या भाषेत बोला' या अर्थाचे, आणि ते स्वतःही आदराच्याच भाषेत कसे म्हणायचे ते दाखवले. तीन आठवड्यांनी तो सांगत आला की मुकादम आता 'यो' लावतो, सगळ्यांशी नाही, पण माझ्याशी लावतो. ज्याला भाषेची पायरी कळत नाही त्याला आपला अपमान झाला हेही कळत नाही. मित्रांनो, व्याकरण शिकताना हे लक्षात असू द्या.

आकड्यांकडे वळतो, तिथे मी घरचा माणूस आहे. त्यांच्याकडे आकड्यांचे दोन संच. एक देशी : हाना, तुल, सेत, नेत. दुसरा चिनीवरून आलेला : इल, ई, साम, सा. घड्याळात तास देशी आकड्यात आणि मिनिटे चिनी आकड्यात. साडेतीन म्हणजे 'से शी सामशिप पुन'. वस्तू, माणसे मोजायची ती देशीत, पैसे चिनीत. आपण शंभराच्या पटीने लाख-कोटी मोजतो, ते दहा हजाराच्या पटीने 'मान' आणि 'ऑक' मोजतात. स्वल्पविराम मात्र इंग्रजीसारखा तीन-तीन अंकांवर देतात, त्यामुळे कागदावर एक आणि तोंडात दुसरेच. माझा तोडगा असा : एक लाख म्हणजे दहा मान, दहा लाख म्हणजे शंभर मान, एक कोटी म्हणजे हजार मान, दहा कोटी म्हणजे एक ऑक. हे चार खिळे ठोकून ठेवले की घरभाडे आणि अनामत रक्कम ऐकताना घाम फुटत नाही.

फोनचा नंबर सांगताना शून्याला 'कोंग' म्हणतात. तिथले मोबाइल नंबर 010 ने सुरू होतात, म्हणजे प्रत्येकाच्या नंबरात पहिला शब्द 'कोंग'. हाच शब्द प्रज्ञापारमिता हृदयसूत्राच्या कोरियन पठणात 'शून्यता' या अर्थाने येतो. असे कितीतरी शब्द आपल्याकडून चीनमार्गे तिथे पोचले आहेत. अगदी खोल गर्तेत पडणे याला 'नाराक' म्हणतात, तो आपला नरक. 'छाल्ला' म्हणजे क्षण. अवशेषधातूंना 'सारी' म्हणतात, तो शरीर शब्दाचा तुकडा. ध्यान शब्दाचे चीनमध्ये 'छान' झाले आणि कोरियात 'सॉन'. सर्वांत मजा 'कॉन्दाल' या शब्दाची. अर्थ उनाड, गुंड माणूस, आणि मूळ शब्द गंधर्व!

बौद्ध धम्म कोरियात इ. स. 372 मध्ये पोचला, पण सेजोंगचे घराणे कन्फ्यूशियसच्या मताचे. त्या राजवटीत विहारांची मालमत्ता कमी केली, भिक्षूंवर निर्बंध आले. असे असूनही नव्या लिपीतले जे पहिलेवहिले ग्रंथ झाले त्यांत बुद्धचरित्र आहे. राणी सोहॉन 1446 साली वारली. तिच्या स्मरणार्थ राजपुत्र सूयांगने 1447 साली सामान्यांना वाचता येईल असे बुद्धचरित्र सिद्ध केले, आणि ते पाहून राजाने स्वतः बुद्धावर गीते रचली. हाच राजपुत्र पुढे राजा झाला, आणि 1461 साली त्याने सूत्रे लोकभाषेत उतरवून छापण्यासाठी खातेच उघडले. चुल्लवग्गात कथा आहे, की दोन भिक्षूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे विद्वानांच्या भाषेत बांधण्याची परवानगी मागितली, आणि तथागतांनी ती नाकारली. तेजॉनजवळ केर्योंगसान डोंगरात दोंगहाकसा हा विहार आहे, तिथे भिक्षुणींचे शिक्षण होते. तिथे जाल तेव्हा भिक्षू-भिक्षुणींना 'सुनिम' म्हणावे, हात जोडावे. हात जोडणे शिकावे लागत नाही.

आता कामाचे थोडे. गेल्याबरोबर लागणारी वाक्ये फार नाहीत. 'इगॉ ऑल्मायेयो', हे केवढ्याला. 'ऑदियेयो', कुठे आहे. 'छॉन्छॉन्ही माल्हे जुसेयो', सावकाश बोला. आणि 'यॉगी आफायो', इथे दुखते. हे शेवटचे वाक्य बोट ठेवून म्हटले की कोणत्याही दवाखान्यात काम होते. बाकी सारे पोहे-चहासारखे हळूहळू जमते.

परीक्षेला 'टोपिक' म्हणतात, पायऱ्या सहा. पहिल्या दोन पायऱ्यांची परीक्षा एकत्र, ऐकणे आणि वाचणे मिळून 200 गुणांची. 80 गुणांना पहिली पायरी, 140 गुणांना दुसरी. पहिल्या पायरीसाठी सुमारे 800 शब्द यावे लागतात, म्हणजे रोज पाच शब्द धरले तर साधारण साडेपाच महिने. तिथे गेल्यावर सरकारचा परदेशी रहिवाशांसाठी वर्ग असतो. त्याची शून्य पायरी फक्त 15 तासांची, अक्षरओळखीची. इथून अक्षरे शिकून गेलात तर ती वाचते आणि थेट 100 तासांच्या वर्गात बसता येते.

एक सावधगिरीचा शब्द. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश अशा देशांशी कोरियाचा कामगार पाठवण्याचा सरकारी करार आहे, ती योजना 2004 पासून चालू आहे आणि तिथेही भाषेची परीक्षा लागते. त्या देशांत भारत नाही. तेव्हा 'कोरियन शिका, आमच्यामार्फत कारखान्यात लावतो, आधी अमुक भरा' असे कोणी म्हणाला तर पैसे देण्याआधी संस्थेच्या कार्यालयात येऊन विचारा. शिक्षणासाठी जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे, त्याची कागदपत्रे मी पाहून देईन.

संस्थेच्या सभागृहात येत्या रविवारपासून सकाळी दहा ते साडेअकरा मुळाक्षरांचा वर्ग घेतो. फी नाही. येताना गणिताची चौकटीची वही आणावी, कारण अक्षर चौकोनातच बसवायचे असते. कोरियातली मुलेही तसल्याच वहीत गिरवतात, आणि त्या वहीला तिथे मुळ्याच्या चौकोनी फोडींच्या लोणच्याचे नाव आहे, 'काक्तुगी'. पेन्सिल आणि खोडरबर संस्थेकडून मिळेल.